चकव्याच्या तेवीस वह्या

हुदलीकर मास्तरांच्या पिंडाला कावळा शिवेना.

मार्कंडेय नदीचा काठ, सन एकोणीसशे अठराचा आश्विन, आणि मानमोडीच्या तापाचे दिवस. बेळगावात एकेका आळीतून रोज दोन-दोन तिरड्या निघत होत्या आणि दहाव्याला नदीवर रांग लागत होती. चिंचेवर कावळे तर एवढे बसले होते की पानं दिसेनात. पण एकही खाली उतरायला तयार नव्हता.

चिंतामणी हुदलीकर हे हायस्कुलातले इंग्रजीचे मास्तर. वय अठ्ठावन्न, मूलबाळ नाही, मागे एकट्या जयाबाई. पिंड ठेवला होता पुतण्यानं, गोपाळनं. तो बिचारा हात जोडून एकेक कबूल करत होता.

"काका, काकूंना मी अंतर देणार नाही."

कावळे गप्प.

"काका, खासबागेतल्या घराची कौलं शाकारून घेतो."

एका कावळ्यानं चोच फांदीला पुसली, बस.

"काका, तुमची इंग्रजी पुस्तकं रद्दीत घालणार नाही."

त्यावर एकानं मान वाकडी करून गोपाळकडं नीट पाहिलं. पण जागचा हलला नाही.

भटजींना घाई होती. "अहो, त्या पाखरांचा तरी काय दोष? सकाळपासून अकरा पिंड झाले. त्यांनाही पोटं आहेत. दर्भाचा कावळा करू आणि मोकळे होऊ. मागे तिघं उभे आहेत."

तेव्हा मागून मारुतीराव पुढं आले. मारुतीराव म्हणजे शाळेचे ड्रिल मास्तर, मराठा पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. सहा फूट देह, मिशा कानापर्यंत. सारा गाव त्यांना हवालदारच म्हणायचा. हुदलीकर मास्तरांचा आणि त्यांचा बारा वर्षांचा दोस्ताना. मधल्या सुट्टीत दोघं एका बाकावर बसायचे. हवालदारांनी पलटणीतलं इंग्रजी बोलायचं आणि मास्तरांनी निपाणीची तपकीर ओढत पोट धरून हसायचं. मास्तर तापात बरळत होते तेव्हाही उशाशी हवालदारच होते. मास्तर दोन दिवस एकच शब्द बोलत होते: वह्या.

"मास्तर," हवालदार परेडीच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या वह्या ऱ्हायल्यात न्हवं? त्या मी बघतो. तुमचा महिना भरायच्या आत!"

वरून एक कावळा सुटला तो थेट पिंडावर. "शिवला, शिवला!" नदीकाठी एकच गलका झाला. गोपाळ रडायला लागला. कावळ्यानं भाताचा मोठा घास उचलला आणि जाताना हवालदारांच्या पागोट्यावरून इतका खालून गेला की वारा लागला.

भटजी पळी ताम्हनात ठेवत हळूच म्हणाले, "हवालदार, बोलायला बोललात. आता पाळा. कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडला, की गेलेला माणूस शब्द देणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतो. पुढं जातही नाही, मागंही येत नाही."

"म्हंजी किती दिवस?"

"त्याला काही मोजमाप नाही," भटजी म्हणाले आणि पुढच्या पिंडाकडं वळले.

*

वह्या तेवीस निघाल्या. मॅट्रिकच्या वर्गाच्या. जयाबाईंनी त्या मास्तरांच्या धुतलेल्या पंच्यात बांधून दिल्या. सगळ्यांत एकच धडा होता.

इंग्रजीत काही शब्द दिसायला सख्ख्या भावांसारखे आणि वागायला वैऱ्यांसारखे. हुदलीकर मास्तर त्यांना चकवे म्हणत. येळ्ळूरच्या शिवारात तिन्हीसांजेला माणसाला चकवा लागतो, ओळखीच्याच बांधावरून तो पहाटेपर्यंत गोल फिरत राहतो. तसंच 'लेंड' आणि 'बॉरो'च्या मध्ये चांगला हुशार पोरगा जन्मभर फिरत राहतो, असं ते सांगत. आपल्याकडं छत्री देणारा आणि छत्री नेणारा, दोघंही 'उसनी'च म्हणतात. इंग्रजाचं तेवढ्यावर भागत नाही, त्याला कोण कुणाला देतोय ते आधी कळावं लागतं. मास्तरांनी असे वीस चकवे फळ्यावर लिहून दिले होते आणि प्रत्येकावर एक वाक्य मागितलं होतं. वह्या गोळा झाल्या त्या संध्याकाळीच त्यांना थंडी वाजून आली.

हवालदारांनी गठ्ठा घरी आणला. बायको अंबुबाई चुलीपुढून उठून आली.

"ह्ये कुणाचं गठुळं?"

"मास्तरच्या वह्या. तपासायच्या हायत."

"कुणी?"

"मी."

"इंग्रजी?"

"तोंडातनं गेलं गं."

"शिवी गेली असती तर बरं झालं असतं की वो! ती तरी तुमास्नी येती."

हवालदारांना अक्षरं लावता यायची, पलटणीत शिकले होते. पहिलीच वही त्यांनी बोट ठेवून वाचली. उचगावच्या एका पोरानं लिहिलं होतं की कोलंबसानं अमेरिका 'इन्व्हेंट' केली. हवालदारांना ते अगदी बरोबर वाटलं. दुसऱ्यानं लिहिलं होतं की आमच्या आजोबांना दिवाणखान्यात 'हँग्ड' केलं आहे. हवालदारांना वाईट वाटलं, पण चूक काही सापडेना. मग त्यांनी वह्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचं घर गाठलं.

तापामुळं शाळा बंद होती. हेडमास्तरांनी आढेवेढे घेतले, शेवटी एक वही घेतली, चष्मा लावला, तांबड्या पेन्सिलीनं दोन ठिकाणी दुरुस्ती केली, खाली झोकात सही ठोकली आणि जेवायला उठले. हात धुऊन परत आले तर त्यांच्याच एका दुरुस्तीखाली रेघ होती. पेन्सिलीची नव्हे, शाईची. तांबडी, सरळ, आणि ओली.

हेडमास्तरांनी वही मिटली. मिटलेल्या वहीवर तळहात दाबून धरला.

"हवालदार, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये."

"कंची? भुताची?"

"भुताची खुशाल गावभर सांगा. माझ्या चुकीची सांगू नका."

*

हवालदार निघाले ते तडक शाळेत आले. ड्रिलच्या सामानाची खोली उघडली, लेझमी आणि डंबेल्स बाजूला सारून टेबल मोकळं केलं, वर तेवीस वह्या मांडल्या, तांबड्या शाईची दौत ठेवली, बोरू नव्हे तर निबाचा टाक ठेवला, आणि टेबलामागं मास्तरांची वेताची खुर्ची आणून लावली.

"मास्तर," ते म्हणाले, "माझ्याच्यानं हुणार न्हाय ह्ये तुमाला ठावं हाय. तुमीच बघा. मी दारात उभा ऱ्हातो."

आणि ते खोलीकडं पाठ करून, पाय जुळवून उभे राहिले.

दुपारचे बारा वाजलेले. मैदानात चिटपाखरू नाही. ऊन इतकं की सावलीसुद्धा पायाखाली दडलेली. आधी काहीच झालं नाही. मग खुर्चीचं वेत करकरलं, जसं भारी माणूस बेतानं टेकल्यावर करकरतं. मग एक शिंक आली. मास्तरांची शिंक बेळगावात कुणीही ओळखली असती. आधी दोनदा हुलकावणी, मग एक मोठी, आणि शेवटी 'हरी हरी'. हवालदारांच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला आणि वाटेतच थंड झाला. निपाणीच्या तपकिरीचा वास खोलीतून बाहेर आला, त्यांच्या खांद्यावरून पुढं गेला. आणि टाक चालू झाला. कुर्र. थांबला. कुर्र. पान उलटलं. कुर्र.

हवालदारांनी वायव्य सरहद्दीवर गोळ्यांच्या पावसात पाणी वाहिलं होतं. पण ती पाठ वळवायची त्यांची छाती झाली नाही.

तीन दुपारी असं चाललं. तिसऱ्या दिवशी चार वाजता टाक थांबला, खुर्ची पुन्हा करकरली, आणि हवालदार आत गेले. तेवीसच्या तेवीस वह्यांत तांबड्या रेघा होत्या. कोलंबसाखाली रेघ, आजोबांखाली रेघ. नुसत्या रेघा, दुसरं काही नाही. खुर्चीचं वेत मध्यभागी अजून खोल दबलेलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होतं.

"झालं मास्तर," हवालदारांनी खुर्चीला सॅल्यूट ठोकला. "आता जावा सुखानं."

त्यांनी गठ्ठा बांधला आणि शीळ घालत घरी आले. पाय धुतले, पाटावर बसले, पहिला घास उचलला, आणि माजघरातून शिंक आली. दोन हुलकावण्या, एक मोठी. हरी हरी.

अंबुबाईच्या हातातलं तांब्याचं भांडं तिथंच पडलं.

*

आणि मग गावाला रेघा लागल्या.

आधी हवालदारांच्या घरातल्या क्विनाइनच्या बाटलीवरच्या चिठ्ठीला. मग अंबुबाईच्या भावाचं पलटणीतून पत्र आलं होतं, त्याच्या इंग्रजी पत्त्याला. ज्या रस्त्यानं हवालदार जातील त्या रस्त्यावरच्या पाट्यांना. शहापूरच्या एका शिंप्याच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं की येथे साहेबलोक मापात कापून मिळतील. तिथं इतकी जाड रेघ आली की खालची फळी चिरली. वकिलांच्या दारांना रेघा, तापाच्या सूचनांच्या कागदांना रेघा, टांग्याच्या मागं लिहिलेल्या नावांना रेघा. लोक चुन्यानं पुसत, सकाळी पुन्हा हजर. कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या हुकमाला भर दुपारी टेबलावर रेघ आली म्हणतात. साहेबानं शिपायाला काही विचारलं नाही. कपाटातला जाड कोश काढला, अर्धा तास पानं चाळली, आणि गुपचूप हुकूम फाडून दुसरा लिहिला.

गंमत वाटायची ती लोकांना. हवालदारांच्या घरी गंमत नव्हती. घरातला प्रत्येक पाट, प्रत्येक आसन कुणीतरी नुकतं उठून गेल्यासारखं कोमट लागायचं. अंबुबाई जेवायला तीन ताटं मांडायची आणि मग तिला भान यायचं. मुलीला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं. अंबुबाईनं निरोप धाडला, एवढ्यात येऊ नकोस.

"आमचं घर म्हंजी शाळा झाली की वो," ती एका दुपारी म्हणाली. "त्यास्नी सांगा की जावा म्हणून. मेलेलं त्यास्नी ठावं तरी हाय का न्हाय, कुणाला ठावं!"

हवालदारांना हे पटलं. माणूस वह्या तपासता तपासता गेला. कदाचित कळलंच नसेल. त्यांनी कागद घेतला, मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं: सर, यू आर डाइड. कागद उंबऱ्यावर ठेवला आणि दोघं भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

टाकाचा आवाज आला. 'डाइड'खाली रेघ होती.

"बघा!" अंबुबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हणत्यात, मी मेलोच न्हाय!"

हवालदारांचं धैर्य तिथं संपलं. तो कागद आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन ते जयाबाईंकडं गेले.

जयाबाई पांढऱ्या कपाळानं ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी कागद घेतला, लांब धरून पाहिला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"डेड लिहा हवालदार. डाइड म्हणजे मरण्याचं काम झालं, डेड म्हणजे माणूस मेलेला आहे. तीस वर्षं ऐकतेय मी."

हवालदारांनी तिथंच खाली तसं लिहिलं. कागद उलटा ठेवला. पाणी प्यायले. कागद सुलटा केला. रेघ नव्हती.

"म्हंजी त्यास्नी ठावं हाय," हवालदार पुटपुटले.

"असणारच. मरण कळू नये इतके हे बेसावध नव्हते." जयाबाईंनी पंच्यात बांधलेल्या वह्यांतली एक उघडली आणि पान न् पान पाहिलं. "अहो, पण या वह्या मुलांना कुठं दाखवल्यात?"

"दाखवायच्या कशाला? रेघा मारून झाल्यात की."

"रेघ म्हणजे अर्धं काम. ह्यांनी कधी कुणाला बरोबर शब्द लिहून दिला नाही. नुसती रेघ. शब्द ज्याचा त्यानं शोधायचा, खाली आपल्या हातानं लिहायचा, मग ह्यांची सही. सही झाली की वही मिटली. तोवर ह्यांना झोप यायची नाही." त्यांनी वही पंच्यात परत ठेवली. "घरीसुद्धा तेच. आमटीत काही कमी पडलं तर वाटीखाली बोटानं रेघ ओढायचे. काय कमी पडलंय ते मी शोधायचं."

"आनि सापडलं की?"

"सापडलं की वाटी चाटूनपुसून परत द्यायचे. तीच सही."

*

महिना भरायला नऊ दिवस उरले होते. हवालदारांनी गठ्ठा पाठीला मारला आणि निघाले.

लांबची गावं आधी, असा त्यांनी हिशेब केला. पलटणीत तसंच करतात. उचगावच्या पोरानं गवताच्या गंजीवर बसून डोकं खाजवलं आणि कोलंबसाला अमेरिका 'इन्व्हेंट' करण्यावरून 'डिस्कव्हर' करण्यावर आणलं. हवालदार पाठ वळवून उभे राहिले. वळून पाहतात तर पानाखाली दोन इंग्रजी अक्षरं, मास्तरांच्या सहीची. येळ्ळूरला चार पोरं एकाच खळ्यात बसली आणि चौघांना चार सह्या मिळाल्या. कुणी तापातून नुकतं उठलं होतं, एकेक अक्षर दमानं काढत होतं. सही जरा वेळानं आली, मास्तर त्याच्यासाठी थांबले असावेत. एक वही निपाणीची होती. हवालदार टपालाच्या गाडीत मिन्नतवारी करून तिथं गेले. पोरगा तंबाखूच्या वखारीत बापाला मदत करत होता. वखारीत सगळेच शिंकत होते, त्यामुळं मास्तर आलेत की नाहीत हे सही उमटेपर्यंत कळेना.

सही होईल तसं घर हलकं होत होतं. निपाणीहून परतले त्या दिवशी अंबुबाईनं दोनच ताटं मांडली होती आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"किती ऱ्हायल्या?"

"एक. वडगावची. जोतिराम, रवळू इणकराचा. पावलावर हाय, म्हून शेवटाला ठेवली."

दुसऱ्या दिवशी महिना भरत होता. हवालदार सकाळी जेवून निघाले. वडगावच्या त्या गल्लीत एरवी दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू असते, बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी अर्ध्या घरांतूनच येत होती. रवळूच्या घरातून येत नव्हती. तो मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मागावर लुगडं चढवलेलं होतं, हात मात्र मांडीवर.

"या हवालदार. बसा."

"जोत्याला बलवा की रवळूआप्पा. वही आणलीया."

रवळूनं मान वळवली. मग खुंटीकडं बघितलं. खुंटीला शाळेची टोपी होती.

"जोत्या गेला न्हवं. सोमवारी पंधरा दिस झालं."

हवालदार उभ्याचे खाली बसले.

"दोन दिस ताप," रवळू म्हणाला. "तापात आपला एकच घोर. वही परत आली न्हाय, वही परत आली न्हाय. म्या म्हटलं, अरं मास्तर ग्येलं, आता कुठली वही. तर म्हणतो कसा, मास्तर ग्येलं तरी वही देत्यातच."

पंधरा दिवस. हवालदारांनी मनात मागं मोजलं. त्या दिवशी ते ड्रिलच्या खोलीच्या दारात पाठ करून उभे होते आणि आत टाक चालू होता. ही वही त्याच दुपारी झाली असेल. अर्ध्या तासाची वाट होती. पावलावर होतं म्हणून शेवटाला ठेवलं होतं.

"माझं चुकलं आप्पा."

रवळूनं हात पुढं केला. हवालदारांनी वही दिली. रवळूला अक्षर येत नव्हतं. त्यानं पान उलटंच धरलं होतं, मग स्वतःच सुलटं केलं.

"तांबडं म्हंजी चूक न्हवं? किती चुका?"

"एकच." खरंच एक होती, वीस वाक्यांत.

"एकच?" रवळूनं मान ताठ केली. "बाकीच्यांच्या?"

"हेडमास्तरचीसुदिक निघाली हुती."

"काय लिवलंय त्येनं?"

हवालदारांनी बोट ठेवून वाचलं, मग मराठीत सांगितलं. "माझा बाप मला माग शिकिवतो."

मागावरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांतून ऊन खाली खड्ड्यात उतरत होतं. रवळूनं त्या धाग्यांवरून बोट फिरवलं.

"ह्यात चूक काय हाय? शिकिवत हुतोच की मी."

"चूक तुमची न्हाय. साहेबाच्या भाषंत शिकणं येगळं, शिकवणं येगळं. 'लर्न' म्हंजी आपुन शिकायचं. दुसऱ्याला शिकवायचं त्येला 'टीच'. जोत्याला चकवा लागला."

"मग पुसा की ती रेघ. पोरगं ग्येलं, आता त्येच्या नावावर चूक कशापायी ठेवताय?"

रेघ पुसत नव्हती, हे हवालदारांना साऱ्या गावाच्या चुन्यावरून ठाऊक होतं. त्यांनी टाक काढला आणि पानाखाली 'टीच' लिहिलं. जमेल तितकं वळणदार. वही मागाच्या फळीवर ठेवली, दोघांनी तोंड फिरवलं. कुर्र, असा आवाज आला. हवालदारांनी लिहिलेल्या शब्दाखाली रेघ. शब्द बरोबर होता. हात जोत्याचा नव्हता.

तपकिरीचा वास त्या खोलीत गच्च भरून राहिला होता. कुणीतरी मागाच्या पलीकडं उभं राहून वाट बघत होतं, एखाद्या मुलानं मान वर करून उत्तर द्यावं म्हणून मास्तर वाट बघतात तसं. आज महिना भरत होता. सूर्य बुडाला की शब्द बुडाला, आणि मास्तर कायमचे घरात.

"आप्पा, वही मला द्या. मार्कंडेयात सोडतो. पोरगं तिकडंच हाय, मास्तरबी तिकडंच जायाचे. त्येंच्या हातात पडंल. न्हायतर मास्तर अडकून पडत्यात, आनि माझ्या घरात बसत्यात."

रवळूनं वही छातीशी धरली.

"न्हाय."

"आप्पा..."

"पाटी हुती त्येची, ती त्येच्या आजीनं पुसून ठेवली. भिंतीवर कोळशानं लिवायचा, ते ताप झाला म्हून पांढरं केलं. ह्या घरात त्येच्या हातचं येवढंच हाय, हवालदार. मला वाचता येत न्हाय. म्या नुसतं बघीन."

हवालदारांना आपलं घर दिसत होतं, कोमट पाट, तिसरं ताट, मुलगी सासरीच दिवस मोजणारी. आणि पुढं रवळू दिसत होता. पाय खड्ड्यात सोडलेला, हातात उघडी वही घेतलेला.

मग ते उठले. पागोटं सारखं केलं. मागाच्या पलीकडं, जिथं वास सगळ्यात दाट होता, तिकडं तोंड करून उभे राहिले. बारा वर्षांत आवाज चढवला नव्हता त्यांनी मास्तरांवर.

"मास्तर! वही हितंच ऱ्हाईल. पोरगं तुमच्याकडं आलंय, तुमी आनि त्यो बघून घ्या काय त्ये. मी शब्द दिला हुता, त्यो मोडतो. न्हाय जमलं तर या माझ्या घरी. जलमभर ऱ्हावा. अंबूला मी समजावतो. पण ही वही म्या उचलणार न्हाय. काय रेघा मारायच्या त्या माझ्यावर मारा."

रवळू त्यांच्याकडं भुतानं झपाटलेल्या माणसाकडं बघावं तसा बघत होता. थोड्या वेळानं तो उठला, वही उघडीच मागावर ठेवली आणि म्हणाला, "पाणी घ्या. घसा सुकला असंल."

दोघं परसात आले. रवळूनं रहाटावरून घागर काढली. हवालदारांनी ओंजळ पुढं केली, आणि आतून शिंक ऐकू आली. दोन हुलकावण्या, एक मोठी. 'हरी हरी' मात्र आलं नाही. त्याच्या जागी एक पोरकट हसणं आलं, मास्तर शिंकले की मागच्या बाकावर दाबून हसतात तसलं.

रवळूच्या हातातली घागर तिरकी झाली. पाणी दोघांच्या पायांवरून वाहत गेलं.

मग टाक वाजला. सावकाश, अडखळत, एकेक अक्षर जोखून. थांबला. मग दुसरा टाक, झपाझप, दोनच फटकारे.

आत गेले तेव्हा वास नव्हता. खोलीत नुसता सुताचा आणि खळीचा वास होता, कुठल्याही इणकराच्या घरात असतो तो. पानाखाली, हवालदारांच्या गिचमिडीच्या पलीकडं, काळ्या शाईनं सबंध वाक्य लिहिलं होतं. त्याच्या खाली दोन तांबडी अक्षरं.

"वाचा," रवळू म्हणाला.

"माझा बाप मला माग शिकिवतो."

"बरोबर लिवलंय?"

"बरोबर."

रवळूनं पानाला बोट लावलं नाही. वर वाकून तो 'टी'च्या आडव्या काडीकडं बघत होता, ती इकडून तिकडं भलती लांब मारली होती.

"ही काडी त्येचीच," तो म्हणाला. "मागावर धोटा फेकल्यावानी मारायचा. म्या म्हणायचो, अरं सूत तुटंल."

कौलातल्या फटीतून उन्हाची एक तिरीप वहीकडं सरकत येत होती. शाई अजून ओली होती. रवळू उठून तिरिपीच्या वाटेत येऊन बसला. ऊन त्याच्या पाठीवर पडलं आणि त्याची सावली पानावर, म्हणजे पोराच्या हातची शाई आणखी थोडा वेळ ओली राहील.